अक्षरे ओळखते, पण शब्द वाचता येत नाही

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची असून दुसरीत शिकते. बोलण्यात ती चुणचुणीत आहे, गोष्टी ऐकायला तिला फार आवडतात आणि ऐकलेली गोष्ट ती बारीकसारीक तपशिलांसह परत सांगते. मुळाक्षरे तिला सगळी येतात. तरीही शब्द समोर आला की ती एकेक अक्षर सुटे उच्चारते आणि शेवटी भलताच शब्द बोलते, नाहीतर चित्राकडे पाहून अंदाज बांधते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत तिचा गोंधळ होतो. ३ आणि ६ हे अंक ती एकमेकांसारखे काढते. शिकवून झालेला धडा मात्र ती न अडखळता वाचून दाखवते. तो तिला पाठ झालेला असतो, हे मला फार उशिरा कळले. एका परिचितांनी डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचांचा चष्मा सुचवला आहे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, अख्खे शब्द चित्रासारखे लक्षात ठेवायला लावावेत. तिचा मोठा भाऊ याच वयात सरळ वाचत होता. दोष तिच्या नजरेत आहे की बुद्धीत? आणि आम्ही घरी नेमके काय करावे?

उत्तर : तुमच्या दोन शंकांपैकी बुद्धीची शंका आधी मनातून काढून टाका. ऐकलेली गोष्ट क्रमाने आणि तपशिलासह सांगणारी मुलगी शब्द लक्षात ठेवते, त्यांचे अर्थ जाणते आणि कशामुळे काय घडले हेही नीट जुळवते. आपल्याला वाचता येत नाही हे कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून अख्खा धडा पाठ करण्यासाठी तर स्मरणशक्ती आणि चिकाटी या दोन्ही गोष्टी लागतात. नजरेची शंका तपासणीने मिटणारी आहे. नेत्रतज्ज्ञांकडून तिचे डोळे एकदा तपासून घ्या. धूसर दिसत असेल तर साधा चष्मा लागेल. त्याचबरोबर कानही तपासून घ्या, कारण पालक ही तपासणी सहसा विसरतात आणि वाचनाचा संबंध डोळ्यांइतकाच कानांशी आहे. दोन्ही तपासण्यांत काही निघाले नाही, तर अडचण कुठे आहे हे समजण्यासाठी वाचताना मेंदूत काय घडते ते पाहावे लागेल. ते मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण घरी काय करावे आणि काय टाळावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतात.

आधी डोळ्यांविषयी. वाचताना नजर ओळीवरून संथपणे सरकत जाते असे आपल्याला वाटते, पण तसे होत नाही. पॅरिसमधील नेत्रवैद्य एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास हे नोंदले गेले की, वाचणाऱ्याची नजर उड्या घेत जाते. एका ठिकाणी थांबते, पुढे झेपावते आणि पुन्हा थांबते. सरावलेल्या वाचकाचा एक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो आणि दोन थांब्यांमधली उडी सेकंदाच्या काही शतांशांत संपते. या उड्या टाळता येत नाहीत, कारण अक्षरांचे बारकावे टिपण्याची क्षमता दृक्पटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, मध्यभागी असलेल्या अगदी लहानशा भागातच असते. हात समोर ताणून अंगठ्याकडे पाहिले, तर त्या अंगठ्याच्या रुंदीएवढाच भाग आपल्याला खऱ्या अर्थाने स्पष्ट दिसत असतो, बाकीचे सारे कमी-अधिक अंधूक असते.

आता नवशिक्या मुलाची नजर पाहा. तिचे थांबे लांबतात, उड्या आखूड होतात, ती वारंवार मागे वळते, कधी ओळ सोडते. हे पाहून डोळ्यांची हालचाल बिघडली आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु कारण आणि परिणाम यांची इथे उलटापालट झालेली असते. सराईत वाचकाच्या हाती एखादा अतिशय क्लिष्ट मजकूर दिला, तर त्याचीही नजर अशीच रेंगाळते आणि मागे वळते. अक्षरांचा उलगडा होत नाही म्हणून नजर अडखळते. नजर अडखळते म्हणून उलगडा होत नाही, असे नव्हे. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून स्पष्ट केले की, डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचा यांमुळे वाचनाच्या अडचणी दूर होतात, याला शास्त्रीय आधार नाही. तुमच्या परिचितांचा हेतू चांगला असेल यात शंका नाही, पण त्या उपायावर पैसा खर्च करू नका आणि मुलीचा वेळ तर मुळीच घालवू नका.

डोळ्यांनी टिपलेले दृश्य दृक्चेतांमधून, म्हणजे डोळ्यांपासून निघणाऱ्या नसांमधून, डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागात पोहोचते. तिथल्या पेशींना संपूर्ण अक्षर कळत नाही. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९५९ पासून मांजरांवर केलेल्या ज्या प्रयोगांसाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांतून दिसले की, यांतील एखादी पेशी फक्त उभ्या रेघेला प्रतिसाद देते, दुसरी फक्त तिरक्या रेघेला. पुढच्या टप्प्यांवर या रेघा एकत्र येऊन कोन, वळणे, गाठी घडतात आणि मग आकार ओळखू येतात. इथपर्यंतची व्यवस्था निसर्गाने दिलेली आहे, कारण चेहरे, झाडे आणि पायवाटा ओळखण्यासाठी ती लागतेच. वाचनासाठी मात्र निसर्गाने वेगळे काहीही दिलेले नाही. लेखनाचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली आहेत आणि त्यांतल्या बहुतेक काळात मूठभर लोकच वाचू शकत होते. एवढ्या अवधीत उत्क्रांतीतून वाचनाचे खास इंद्रिय तयार होणे शक्य नव्हते. बोलणे मूल माणसांत राहून आपोआप उचलते, वाचणे तसे उचलत नाही. प्रत्येक मुलाच्या मेंदूत ही व्यवस्था नव्याने उभी करावी लागते आणि तीही दुसऱ्याच कामासाठी असलेल्या पेशींतून.

ती कुठे उभी राहते, याचा पहिला पुरावा एका रुग्णाने दिला. १८८७ सालच्या ऑक्टोबरात एका सुशिक्षित, निवृत्त व्यापाऱ्याला अचानक आढळले की आपल्याला एकही शब्द वाचता येत नाही. बोलणे, ऐकलेले समजणे, वस्तू आणि माणसे ओळखणे, सारे शाबूत होते. एवढेच नव्हे, तर त्यांना लिहिताही येत होते. मात्र स्वतः लिहिलेला मजकूर त्यांना वाचता येईना. फ्रेंच चेतातज्ज्ञ ज्यूल देजेरीन यांनी त्यांचा अभ्यास केला आणि रुग्णाच्या मृत्यूनंतर १८९२ साली मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या मागील भागातील इजेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे मेंदूचे कार्य चालू असतानाच त्याची प्रतिमा घेणारी यंत्रे आली आणि लॉरां कोएन, स्टानिस्लास देआन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली डाव्या गोलार्धाच्या खालच्या अंगाला असलेला एक छोटा पट्टा दाखवून दिला, जो लिखित शब्द समोर येताच जागा होतो. भाषा कोणतीही असो, लिपी कोणतीही असो, सराईत वाचकांत तो जवळपास त्याच ठिकाणी सापडतो. जन्मतः अंध असलेल्या आणि बोटांनी ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तींमध्येही हाच भाग कार्यरत होतो, असे २०११ साली दिसून आले.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, वाचायला न शिकलेल्या माणसात हा पट्टा लिखित शब्दांना असा खास प्रतिसाद देत नाही. देआन आणि त्यांच्या गटाने २०१० साली ब्राझील आणि पोर्तुगालमधील ६३ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत निरक्षर होते, लहानपणी शाळेत गेलेले होते आणि मोठेपणी अक्षरओळख झालेलेही होते. ज्याचे वाचन जितके चांगले, तितका त्या पट्ट्याचा शब्दांना मिळणारा प्रतिसाद जोरकस होता आणि मोठेपणी शिकलेल्यांमध्येही हा बदल घडलेला होता. वाचनाची जागा शिकण्यामुळे घडते, वयाच्या अमुक टप्प्यावर तिचे दार बंद होत नाही. उत्तर भारतात देवनागरी वाचणाऱ्या आणि निरक्षर असलेल्या प्रौढांवरील २०१९ च्या अभ्यासात तर असेही आढळले की, वाचन शिकल्यामुळे चेहरे किंवा वस्तू ओळखण्याच्या क्षमतेची जागा हिरावली जात नाही. सात वर्षांच्या मुलीबाबत ‘आता उशीर झाला’ असे कुणी म्हणत असेल, तर ते मनाला लावून घेऊ नका.

या जुन्या पेशींना नवे काम लावताना त्यांच्या जुन्या सवयी आड येतात. तुमच्या मुलीचे ३ आणि ६ हे अशाच सवयीचे फळ आहे. एखादी वस्तू डावीकडून पाहिली काय किंवा उजवीकडून, ती तीच असते. तेव्हा डावे-उजवे उलटले तरी वस्तू एकच मानणे, हे आपल्या दृष्टीला हिताचे ठरत आले. अंकांच्या आणि अक्षरांच्या जगात मात्र हाच नियम चुकीचा ठरतो, कारण ३ उलटा केला की तो जवळपास ६ होतो आणि किंमत बदलते. लिहायला शिकणारी असंख्य मुले काही काळ असे आरशातले आकार काढतात आणि वाचन पक्के होत जाते तशी ही सवय मागे पडते. सातव्या वर्षी केवळ एवढ्यावरून आजाराचे निदान करणे अयोग्य आहे.

‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांचे कारण वेगळे आहे. ही अक्षरे एकमेकांची आरशातील रूपे नाहीत. त्यांच्यातला फरक फार थोड्या जागेत सामावलेला आहे. नीट पाहिलेत तर लक्षात येईल की ‘घ’, ‘म’ आणि ‘य’ यांच्या डोक्यावरची शिरोरेषा अखंड आहे, तर ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ यांची शिरोरेषा डाव्या बाजूला तुटते आणि तिथे एक छोटी गाठ येते. मुलाची नजर अक्षराच्या मोठ्या अंगावर, म्हणजे उभ्या दंडावर आणि पोटावर जाते. निर्णायक खूण मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यात असते. ‘नीट बघ’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा कुठे बघायचे ते एकदा बोटाने दाखवणे अधिक उपयोगी आहे. या जोड्यांतले एक अक्षर पूर्ण पक्के होईपर्यंत दुसरे त्याच्या शेजारी आणू नका. मग अक्षर मोठे काढायला लावा आणि काढताना त्याचा उच्चार करायला सांगा. ज्या रुग्णाची हकीकत वर आली, त्यांना डोळ्यांनी न ओळखू येणारे अक्षर बोटाने गिरवले की ओळखू येत असे; हाताची स्मृती दृष्टीला मदत करते. मेरिएके लोंगकाम्प आणि सहकाऱ्यांनी २००५ साली लहान मुलांवर केलेल्या प्रयोगातही असे दिसले की, कळफलकावर दाबून शिकलेल्या अक्षरांपेक्षा हाताने लिहून शिकलेली अक्षरे, विशेषतः थोड्या मोठ्या मुलांना, अधिक चांगली ओळखता येतात.

आता मूळ अडचणीकडे येतो. अक्षरे येतात, शब्द येत नाही, असे का होते? अक्षराचा आकार ओळखणे हे अर्धेच काम आहे. तो आकार डाव्या गोलार्धातील बोलीच्या केंद्रांशी जोडला जावा लागतो आणि ही जोडणी तेव्हाच होते, जेव्हा बोललेला शब्द लहान-लहान आवाजांचा बनलेला आहे, याची मुलाला जाणीव असते. ही जाणीव जन्मजात नसते. होसे मोराइस यांनी १९७९ साली पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना शब्दाचा पहिला आवाज काढून उरलेला उच्चारायला सांगितले, तेव्हा उत्तम बोलणाऱ्या त्या माणसांना ते फारसे जमले नाही. वाचायला शिकलेल्यांना जमले. ऐकताना आपण अर्थाकडे लक्ष देतो, आवाजांच्या तुकड्यांकडे नाही. त्यामुळे गोष्टी ऐकण्यात तरबेज असलेल्या मुलीलाही हे तुकडे स्वतंत्रपणे शिकवावे लागतात.

आपल्या लिपीत याला आणखी काही पदर आहेत आणि ते फारसे कुणी पालकांना समजावून सांगत नाही, याची मला खंत वाटते. मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, असे आपण अभिमानाने सांगतो. ते बऱ्याच अंशी खरे असले, तरी सात वर्षांच्या मुलीच्या जागी बसून पाहा. तिला ‘घ’, ‘र’, ‘टे’ ही तीन अक्षरे शिकवली आणि ‘घ’ व ‘र’ या दोन्हींत पूर्ण ‘अ’ उच्चारायला लावला. बोलताना मात्र आपण ‘घर्टे’ म्हणतो. ‘कमळ’ हा शब्द ती ‘क’, ‘म’, ‘ळ’ असा तोडून आणि प्रत्येक अक्षर लांबवून वाचते, तेव्हा तिच्या कानावर जे पडते ते तिच्या ओळखीच्या ‘कमळ्’शी जुळत नाही. म्हणून ती शेवटी भलताच शब्द बोलते. तिने अक्षरे चुकीची वाचलेली नसतात; न उच्चारला जाणारा ‘अ’ कुठे गाळायचा हे तिला कुणी दाखवलेले नसते.

पहिली वेलांटी याहून अवघड असते. ‘दिवा’ लिहिताना वेलांटी ‘द’च्या आधी येते, बोलताना मात्र ‘द्’ आधी आणि ‘इ’ नंतर. डावीकडून उजवीकडे इमानाने वाचणाऱ्या मुलीला इथे मागे यावे लागते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेला जो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यातही दिसले की लेखनाचा आणि उच्चाराचा क्रम असा जुळत नसेल, तर शब्द वाचायला अधिक वेळ लागतो. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारला जातो ‘य’च्या आधी. ‘अंबा’तला अनुस्वार ‘म्’सारखा, ‘संत’मधला ‘न्’सारखा. ‘चार’ आणि ‘चाक’ यांची सुरुवात एकाच अक्षराने होते, पण त्या ‘च’चे उच्चार दोन. मुळाक्षरे पन्नासच्या आसपास असली, तरी बाराखडी धरली की रूपे चारशेच्या पुढे जातात आणि जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग यांनी आपल्याच लिपिकुळातील कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा अक्षरांचे ज्ञान पहिल्या वर्षात पूर्ण न होता चौथीपर्यंत वाढत राहते, असे त्यांना दिसले. म्हणून तुमच्या मुलीला ‘मुळाक्षरे सगळी येतात’ एवढ्यावर न थांबता, बाराखडीतील कोणती रूपे ती क्षणभरही न थांबता ओळखते आणि कोणत्या रूपांपाशी विचार करत बसते, हे पाहा. थांबण्याच्या त्या जागा म्हणजेच तुमचा पुढचा अभ्यासक्रम.

अख्खे शब्द चित्रासारखे लक्षात ठेवण्याचा सल्ला आकर्षक का वाटतो, हे मी समजू शकतो. सराईत वाचक शब्द एका दृष्टिक्षेपात ओळखतो, हे खरेच आहे. जेम्स कॅटेल यांनी १८८६ सालीच दाखवले होते की, क्षणभर समोर आलेला ओळखीचा शब्द सुट्या अक्षरांइतकाच, किंबहुना त्याहून सहज ओळखला जातो. परंतु ती शेवटची अवस्था आहे, तिथे पोहोचण्याचा मार्ग नाही. सराईत वाचकाच्या मेंदूतही सर्व अक्षरे तपासली जातात, फक्त ती एकाच वेळी आणि इतक्या वेगाने की त्याला स्वतःला ते जाणवत नाही. ब्रूस मॅककँडलिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही प्रौढांना नव्याने तयार केलेली लिपी शिकवली. तिच्यातले काही शब्द अक्षर-ध्वनी जोडून आणि काही संपूर्ण आकार म्हणून शिकवले गेले. अक्षर-ध्वनी जोडून शिकलेल्या शब्दांना मेंदूच्या डाव्या बाजूने, म्हणजे सराईत वाचनाच्या बाजूने प्रतिसाद दिला. आकार म्हणून शिकलेल्या शब्दांसाठी उजवी बाजू पुढे आली. शिवाय चित्रासारखे पाठ केलेले शंभर शब्द एकशे एकावा शब्द वाचायला मदत करत नाहीत. तुमची मुलगी धडे पाठ करून आणि चित्रांवरून अंदाज बांधून हीच वाट आधीपासून चोखाळत आहे. तिला त्या वाटेवर आणखी पुढे ढकलू नका.

याउलट, एखादा अनोळखी शब्द तिने स्वतः अक्षरांवरून जुळवून वाचला आणि तो तिच्या बोलीतल्या शब्दाशी जुळला, की त्याचा लिखित आकार मेंदूत नोंदला जातो. असे काही वेळा घडले की पुढच्या वेळी तो शब्द पाहताक्षणी ओळखू येतो. डेव्हिड शेअर यांनी १९९५ साली याला स्वयंशिक्षणाची प्रक्रिया म्हटले. या घडीला तिच्या वाचनाचा वेग कमी आहे याची चिंता करू नका. ती स्वतः शब्द जुळवते आहे की नाही, याकडे लक्ष द्या.

घरचा सराव रोज दहा-पंधरा मिनिटांचा असावा. सुट्टीच्या दिवशी सलग दीड तास बसवण्यापेक्षा तो कितीतरी परिणामकारक ठरतो आणि मुलीचा वाचनाविषयीचा तिटकाराही वाढत नाही. त्यातली पहिली काही मिनिटे पुस्तक न उघडता, केवळ तोंडी खेळात घालवा. ‘माळ’मधला पहिला आवाज बदलून ‘टाळ’, ‘गाळ’, ‘काळ’ करायचे. ‘पाट’मधला ‘प्’ काढला तर काय उरते ते विचारायचे. तुम्ही ‘न्… आ… क्’ असे तुटक म्हणायचे आणि तिने ‘नाक’ ओळखायचे. नंतर तिने तोडायचे आणि तुम्ही ओळखायचे. हे जमू लागले की कागदावर या. सुरुवातीला ज्यांचा आवाज न थांबता लांबवता येतो, अशी ‘म’, ‘न’, ‘र’, ‘ल’, ‘स’, ‘श’ ही अक्षरे घ्या. ‘मासा’ वाचताना ‘मा’ म्हणून थांबायचे नाही. ‘माऽऽ’चा आवाज तोडल्याशिवाय ‘सा’मध्ये सरकायचे. ‘रस’, ‘सर’, ‘नस’ अशा शब्दांत शेवटचा ‘अ’ गिळायचा असतो, हे तिला मुद्दाम सांगा आणि स्वतः दोन्ही प्रकारे म्हणून दाखवा, म्हणजे फरक तिच्या कानाला कळेल. वेलांटीचे शब्द आले की बोट आधी अक्षरावर आणि मग वेलांटीवर नेण्याची सवय लावा. जोडाक्षरे सर्वांत शेवटी.

वाचायला शाळेतला पाठ झालेला धडा नको. न पाहिलेली दोन-चार छोटी वाक्ये द्या आणि वाचून होईपर्यंत चित्र झाकून ठेवा. ती अडखळली की लगेच शब्द सांगू नका. थोडा वेळ थांबा, मग अडलेल्या अक्षराचा तेवढा आवाज सांगा आणि शब्द तिलाच पूर्ण करू द्या. तिने अंदाज बांधला तर ‘चूक’ म्हणण्याऐवजी बोट त्या शब्दाखाली ठेवून ‘यातले शेवटचे अक्षर पाहिलेस का?’ एवढेच विचारा. तोच मजकूर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला हरकत नाही, किंबहुना ओघ येण्यासाठी ते आवश्यकच आहे. ती पाठ म्हणत नाही ना, हे पाहण्यासाठी मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारावे.

तिला गोष्टी वाचून दाखवणे मात्र कोणत्याही कारणाने बंद करू नका. ‘आता स्वतः वाचशील तेव्हाच गोष्ट’ अशी अट अनेक घरांत घातली जाते आणि ती मुलांवर अन्याय करणारी आहे. फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ साली मांडल्याप्रमाणे वाचून समजणे हे शब्द उलगडण्याची क्षमता आणि ऐकून समजण्याची क्षमता यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. तुमच्या मुलीची दुसरी बाजू भक्कम आहे. शिवाय ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ नेमका कसा उच्चारायचा, हे तिला अक्षर सांगणार नाही. तो शब्द आधी ऐकलेला असेल तरच कळेल. भावाशी तुलना तिच्या समोर तरी करू नका. एकाच घरातील मुलांचा वाचनाचा वेग भिन्न असणे ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे.

असा सराव चार-सहा महिने नियमाने करूनही फारशी प्रगती दिसली नाही, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. घरात आणखी कुणाला वाचनाची अडचण होती, ती उशिरा बोलू लागली होती, यमक जुळणारे शब्द तिला सुचत नाहीत, ओळखीच्या रंगांची किंवा वस्तूंची नावे पटापट सांगता येत नाहीत, यांपैकी काही लागू असेल तर चार महिनेही थांबू नका. डिस्लेक्सिया या वाचनाशी निगडित अध्ययन अक्षमतेचा संबंध प्रामुख्याने आवाजांच्या तुकड्यांशी आणि त्यांच्या अक्षरांशी होणाऱ्या जोडणीशी आहे, बुद्धिमत्तेशी नाही. ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली चौदा वर्षांच्या एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्याला साधे शब्द वाचता येत नसत. पण शिक्षण पूर्णपणे तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. अशा मुलांनाही वर सांगितलेल्या पद्धतीनेच, परंतु अधिक सावकाश, अधिक काटेकोरपणे आणि अधिक काळ शिकवावे लागते. हे निदान मेंदूच्या चित्रणाने होत नाही. प्रशिक्षित मानसतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक वाचन, लेखन, ध्वनींची जाण आणि आकलन यांच्या चाचण्या घेऊन ते करतात.

त्यांच्याकडे जाताना डोळ्यांच्या आणि कानांच्या तपासणीचे अहवाल, तिच्या वह्या, आणि कोणत्या अक्षरांपाशी किंवा शब्दांपाशी ती अडते याची तारखांसह केलेली नोंद सोबत न्या. तोपर्यंत तिच्या वर्गशिक्षकांना भेटून दोन विनंत्या करा. तयारी नसलेला मजकूर तिला सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावू नये. आणि गणितातील शाब्दिक उदाहरणे तिला वाचून दाखवावीत, म्हणजे वाचनातील अडचणीमुळे तिचे गणितातले गुण कमी होणार नाहीत.